फवारणी ब्लोअरची टाकी का तडकते, आणि रोटोमोल्डिंगमध्ये भिंतीची जाडी कशाने ठरते

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, कारण त्यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. तुम्ही निफाडकडे द्राक्षबागेच्या ट्रॅक्टर ब्लोअरची जोडणी करता. ६०० लिटरची पांढरी टाकी बाहेरून घेता. दुसऱ्या हंगामात काही टाक्यांना खालच्या आउटलेटच्या फ्लँजभोवती (पाइप जोडायला बोल्टांनी आवळलेल्या कड्याभोवती) बारीक तडे गेले. एक टाकी कापून पाहिलीत तर भिंत एकीकडे ७ मिमी आणि दुसरीकडे साडेतीन. अशी टाकी रोटोमोल्डिंगने, म्हणजे भट्टीत फिरणाऱ्या साच्यात प्लास्टिकची पावडर वितळवून बनते. पुरवठादार म्हणतो, साचा हळू फिरला. त्यावरून तुम्ही विचारताय की स्वतःचं मशीन घातलं, तर आरपीएम किती ठेवावा म्हणजे जाडी सगळीकडे सारखी येईल आणि टाकी तडकणार नाही.

जाडी सारखी न येणं हा एक प्रश्न आणि टाकी तडकणं हा दुसरा. साडेतीन मिलिमीटरची नीट भाजलेली, म्हणजे भट्टीत बेताची तापलेली भिंत पाच-सहा हंगाम सहज काढते आणि ७ मिमीची कच्ची राहिलेली किंवा करपलेली भिंत दोन हंगामांत बोल्टपाशी फाटते. आरपीएमचा संबंध पहिल्या प्रश्नाशी थोडासा आहे, दुसऱ्याशी जवळपास नाही.

सगळ्यात आधी टाकी वजनकाट्यावर ठेवा. साधारण १२०० बाय ८०० बाय ६५० मिमी मापाची टाकी धरली तर तिचा पृष्ठभाग साडेचार चौरस मीटर भरतो. सगळीकडे ६ मिमी भिंत हवी असेल तर २७ लिटर प्लास्टिक लागतं, म्हणजे वजनात २५ किलोच्या आसपास. तुमच्या टाकीचं वजन एवढं भरत असेल तर माल पुरेसा पडलाय, फक्त चुकीच्या जागी बसलाय. काटा १८ किलो दाखवत असेल तर सरासरी जाडीच सव्वाचार मिलिमीटर आहे. मग साचा हळू फिरला की जोरात, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पावडरच कमी टाकली गेली.

आता फिरण्याचं बघू. रोटोमोल्डिंगमध्ये स्क्रू नाही, नोझल नाही, दाब नाही. पोकळ साचा दोन भागांत उघडतो, त्यात पॉलिइथिलीनची पावडर मोजून टाकतात, क्लॅम्प आवळतात आणि साचा भट्टीत दोन अक्षांवर सावकाश फिरत राहतो. नावात ‘रोटो’ असल्यामुळे पुष्कळांना वाटतं की सेंट्रिफ्यूगल जोराने प्लास्टिक भिंतीवर फेकलं जातं. हिशेब करून बघा. अक्षापासून ६० सेंटिमीटरवरची भिंत ८ आरपीएमने फिरत असेल तर तो जोर गुरुत्वाकर्षणाच्या वीसाव्या हिश्शाइतकाही भरत नाही. पावडर साच्याच्या तळाशी ढिगाने पडून राहते आणि साचाच तिच्याखालून सरकत जातो. उलट वेग ४० आरपीएमपर्यंत नेलात तर तो जोर गुरुत्वाकर्षणाच्या वर जातो, पावडर बाहेरच्या बाजूला चिकटून बसते, लोळणं थांबतं आणि आतला अर्धा साचा उपाशी राहतो. म्हणजे वेग वाढवायचा तुमचा विचार अंमलात आणलात तर जाडीतला फरक आणखी वाढेल.

आंबोळीचं पीठ आपण तवा कलता करून पसरवतो, पण ते कुठे किती जाड धरतं हे तवा कुठे किती तापलाय यावर ठरतं. इथेही तसंच. फिरवण्याचं काम इतकंच की तापलेल्या भिंतीचा प्रत्येक कोपरा पावडरीच्या ढिगाखालून पुन्हा पुन्हा जावा. पावडर चिकटण्याचा टप्पा साधारण दहा मिनिटांचा धरला तर ८ आरपीएमला ऐंशी फेऱ्या होतात, त्या पुरतात. खरी काळजी घ्यायची ती दोन अक्षांच्या प्रमाणाची. आर्म (मशीनचा फिरणारा मुख्य हात) ८ आणि आर्मवरची प्लेट, जिच्यावर साचा बसतो, ती १० आरपीएम असेल तर प्लेटचा स्वतःचा फरक २ आरपीएम, म्हणून प्रमाण ४ ला १. चौकोनी किंवा गोलसर वस्तूला हे बहुतेक वेळा चालतं. लांबट वस्तूला, किंवा साचा आर्मवर आडवा-उभा कसा बसवलाय त्यानुसार, ते बदलावं लागतं. प्रमाण चुकलं तर ढीग ठरावीक पट्ट्यांवरून जात राहतो आणि मधला पट्टा पातळ निघतो. तेव्हा तुमच्या पुरवठादाराचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही, पण माझ्या मते त्याने सोपं कारण पुढे केलंय. भट्टीतला निम्मा वेळ झाला की फिरण्याची दिशा उलटी करणं हा स्वस्तातला उपाय. दिशा न उलटणारं मशीन घेऊच नका.

तुमच्या टाकीत जाडी बिघडण्याचं मुख्य कारण मला आकारात दिसतं. ब्लोअरच्या टाकीला खालून पीटीओ शाफ्टसाठी (ट्रॅक्टरची ताकद ब्लोअरला पोचवणाऱ्या दांड्यासाठी) बोगद्यासारखी खाच असते आणि बाजूला पट्ट्यांसाठी खोबणी असतात. बाहेरच्या कोपऱ्याला दोन्ही बाजूंनी गरम हवा लागते, पावडरही तिथे जास्त वेळ रेंगाळते, म्हणून तो जाड येतो. बोगद्याच्या वरच्या, आत घुसलेल्या भागाला साच्याच्या बाहेरून हवाच नीट लागत नाही. तो उशिरा तापतो आणि तोपर्यंत बरीचशी पावडर इतर भिंतींनी खाल्लेली असते. तुमचे ७ मिमी कुठल्या भागातले आणि साडेतीन कुठले, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पण ७ बाहेरच्या कडेला आणि साडेतीन खाचेच्या आसपास असतील यावर मी पैज लावायला तयार आहे.

यावर इलाज साच्यावर होतो. खाचेच्या तोंडाशी कॉम्प्रेस्ड एअरवर चालणारा एअर मूव्हर बसवून गरम हवा आत ढकलता येते. त्या भागाचा पत्रा पातळ ठेवता येतो. कोपऱ्यांना गोलाई वाढवता येते. आतल्या कोपऱ्याला १२ मिमीपेक्षा कमी रेडियस मी ठेवू देत नाही. जिथे माल फाजील बसतो तिथे साच्याला बाहेरून ग्लास वूलचा पट्टा बांधला की तो भाग उशिरा तापतो आणि माल दुसरीकडे जातो. एवढं करूनही सगळीकडे हुबेहूब ६ मिमी मिळणार नाही. या धंद्यात २० टक्के कमी-जास्त हे चांगलं काम समजलं जातं. सरासरी ६ असताना सगळ्यात पातळ जागी ४.८ मिळाले तर समाधान माना आणि ती पातळ जागा बोल्टजवळ येणार नाही एवढं पाहा.

आता भाजण्याकडे येतो. टाकी टिकणार की नाही ते इथे ठरतं.

साचा भट्टीत गेल्यावर पहिली काही मिनिटं आत काहीच घडत नाही. पत्रा तापतो, पावडर लोळते. पत्र्याची आतली बाजू शंभर अंशांच्या पुढे गेली की दाणे चिकटायला लागतात. थरावर थर बसतात आणि सगळी पावडर भिंतीला लागते. आपण वापरतो ती एलएलडीपीई (पॉलिइथिलीनचीच एक जात) साधारण १२५ अंशांना वितळते. बाहेरून ढोबळ बघणाऱ्याला इथे काम झालं असं वाटतं. पण त्या क्षणी भिंत म्हणजे वितळलेल्या दाण्यांचा हवा भरलेला जाळीदार थर असतो. दाण्यांमधली हवा बुडबुड्यांच्या रूपाने अडकलेली असते. ती जाईपर्यंत आणखी तापवावं लागतं.

बुडबुडे वर तरंगून फुटत असतील असा पुष्कळांचा समज असतो. तसं होत नाही. वितळलेलं पॉलिइथिलीन इतकं घट्ट असतं की बुडबुडा जागचा हलत नाही. तो जागेवरच विरघळतो. बुडबुड्यातला ऑक्सिजन आधी प्लास्टिकमध्ये मुरतो, बुडबुडा आकसतो, आकसला की आतला दाब वाढतो आणि मग नायट्रोजनही मुरत जातो. हे व्हायला वेळ आणि तापमान दोन्ही लागतं. बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत रॉय क्रॉफर्ड यांच्या गटाने साच्याच्या आतल्या हवेचं तापमान सतत मोजणारं उपकरण तयार केलं, तेव्हापासून या धंद्यात अंदाजाला आकडा मिळाला. भट्टीचा काटा २८० दाखवतो की ३००, याला फारसा अर्थ नाही. साच्याच्या आतली हवा जास्तीत जास्त कितीवर पोचली ते महत्त्वाचं. नेहमीच्या एलएलडीपीईला ते २०० ते २२० अंशांच्या मध्ये पडावं. ग्रेडप्रमाणे हा पट्टा थोडा सरकतो, मालाच्या पुरवठादाराकडून लिहून घ्या.

कमी पडलं तर भिंतीत बुडबुडे राहतात आणि आतला पृष्ठभाग वाळूच्या कागदासारखा लागतो. जास्त झालं तर ऑक्सिजन आतल्या पृष्ठभागावर चढतो, प्लास्टिकच्या साखळ्या तुटायला-गुंतायला लागतात. आतून ती फाजील चकाकते, पिवळट झाक येते, झाकण उघडल्यावर करपट उग्र वास येतो. बाहेरून दोन्ही टाक्या एकसारख्या देखण्या दिसतात, हीच या कामातली गोम आहे.

तुम्ही कापलेल्या टाकीचे तुकडे अजून असतील तर एक करा. नव्या कटर ब्लेडने भिंतीची पातळ आडवी चीप काढा आणि उजेडासमोर धरा. बाहेरच्या कातडीपासून आत जाताना रंग एकसारखा हवा. अगदी आतल्या कडेला टाचणीच्या टोकाएवढे चार-दोन बुडबुडे दिसले तर भाजणी बेताची, उत्तम. बुडबुडे निम्म्या जाडीपर्यंत पसरलेले दिसले तर टाकी कच्ची. एकही बुडबुडा नाही आणि आतली कडा पिवळसर, तर करपण्याकडे गेलेली. मग दुसरा तुकडा घरच्या डीप फ्रीजमध्ये रात्रभर ठेवा, सकाळी काढल्या काढल्या फरशीवर आतली बाजू खाली करून ठेवा आणि गोल तोंडाच्या हातोडीने ठोका. प्रयोगशाळेत ही परीक्षा उणे ४० अंशांना ठरावीक वजन पाडून करतात. आपला फ्रीज उणे १८ पर्यंत जातो, तरी फरक कळतो. चांगला तुकडा खोलगट होऊन ताणला जातो. वाईट तुकडा काचेसारखी कड दाखवत फुटतो.

यात एक अडचण तुमच्या जाडीच्या तक्रारीशी जोडलेली आहे. ७ मिमीचा भाग पूर्ण भाजायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात साडेतीनचा भाग करपायला आलेला असतो. भट्टीवाला मधला वेळ धरतो, म्हणून जाड जागी बुडबुडे आणि पातळ जागी पिवळेपणा, असं दोन्ही एकाच टाकीत सापडू शकतं.

भट्टीतून साचा बाहेर आला की काम निम्मंच झालेलं असतं. फिरणं चालूच ठेवायचं, नाहीतर वितळलेला माल खाली ओघळतो. आधी पंख्याची हवा, मग गरजेनुसार पाण्याचा फवारा. घाईचे दिवस असले की पोरं पहिल्यापासूनच पाणी मारतात. बाहेरची बाजू झटकन गोठते, आतली नंतर गोठताना आकसते आणि तिला बाहेरची बाजू आकसू देत नाही. त्यामुळे टाकीच्या आतल्या पृष्ठभागात कायमचा ताण भरून राहतो. इंजेक्शन मोल्डिंगच्या मानाने रोटोच्या मालात ताण कमी असतो हे खरं, पण शून्य नसतो, आणि जो असतो तो नेमका औषधाच्या पाण्याला भिडलेल्या बाजूला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. अगदीच सावकाश थंड करणंही बरं नाही. मग प्लास्टिकमध्ये स्फटिक जास्त वाढतात, आकसणं वाढतं आणि माल कडक पण ठिसूळ होतो. एरवीही टाकी साच्यापेक्षा सुमारे ३ टक्के लहान होते, म्हणजे १२०० मिमीच्या साच्यातून ११६५ च्या आसपास बाहेर येते. तुमच्या चेसिसची मापं काढताना हे धरा.

व्हेंटबद्दल, म्हणजे साच्यातली हवा आत-बाहेर जाऊ देणाऱ्या नळीबद्दल, थोडं जास्त लिहितो, कारण छोट्या युनिटमध्ये सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच नळीकडे होतं. साच्यातली हवा ३० अंशांवरून २१० वर गेली आणि बाहेर पडायला वाट नसली तर आतला दाब ०.६ बारने वाढतो. ऐकायला किरकोळ वाटतं. १२०० बाय ८०० च्या सपाट बाजूवर तो जोर जवळपास सहा टन होतो. क्लॅम्प तेवढं धरत नाहीत. हवा पार्टिंग लाइनमधून, म्हणजे साच्याच्या दोन भागांच्या सांध्यातून, फुसफुसत निघते आणि वितळलेल्या भिंतीत आरपार भोक पाडते. ती पिनहोल मग हॉट एअर गनने बुजवून रंगाखाली दडवली जातात. थंड होताना उलटं घडतं: आत हवा शिरू शकली नाही तर टाकीच्या सपाट बाजू आत ओढल्या जातात आणि पोट खपाटीला जातं. टेफ्लॉनची नळी, तिच्यात सैलसर ग्लास वूल, टोक साच्याच्या मध्याजवळ, आणि साच्याच्या दर घनमीटरला साधारण १२ ते १३ मिमी आतला व्यास, हे माझं माप. ग्लास वूल रोज बघायची. तिच्यात पावडर वितळून बसली की नळी असून नसल्यासारखी.

इथवरचं एकत्र करून सांगायचं तर: पातळ-जाड हे साच्याच्या आकारावर आणि कुठला भाग आधी तापतो यावर, चिवटपणा आतल्या हवेच्या कमाल तापमानावर, आणि आतला ताण थंड करण्याच्या पद्धतीवर. आता तडे.

तुम्ही लिहिलंय की तडे फ्लँजच्या बोल्टांभोवतीच गेले, बाकी टाकी शाबूत. ही खूण साध्या कमजोरीची नाही. पॉलिइथिलीनला एक विशिष्ट रोग आहे: ताणाखाली असताना त्याला साबणासारखा पदार्थ सतत लागत राहिला तर ते नेहमीपेक्षा कितीतरी कमी जोरात, न ताणता, सरळ चिरतं. प्रयोगशाळेत याची परीक्षा घेताना पट्टीला चीर पाडून, वाकवून, नोनिलफेनॉल इथॉक्सिलेट या साबणासारख्या रसायनाच्या द्रावणात ठेवतात. बागाईतदार फवारणीत स्टिकर, स्प्रेडर म्हणून जी बाटली ओततात, तिच्यातले पुष्कळसे सरफॅक्टंट (साबणासारखे पदार्थ) याच घराण्यातले असतात. म्हणजे तुमची टाकी हंगामभर त्याच परीक्षेला बसलेली असते. ऑक्टोबर छाटणीनंतर तर दिवसाआड. त्यात बोल्ट पान्याने करकचून आवळलेला, आतल्या पृष्ठभागात थंड करतानाचा ताण, शिवाय वळणावर ६०० किलो पाणी हिंदकळून सक्शन पाइपला बसणारे हिसके. तडा जायला आणखी काय हवं? बोर्डोला दोष देऊ नका. मोरचूद आणि चुन्याने टाकी निळी पडते, पण पॉलिइथिलीनचं त्याने काही बिघडत नाही.

यातलं बरंच तुमच्या हातात आहे आणि त्याला नवीन मशीन लागत नाही. आउटलेटचं भोक कसं पाडता ते बघा. जिगसॉ किंवा करवतीने पाडलं असेल तर भोकाच्या काठावर बोट फिरवा, दातांच्या बारीक खाचा लागतील. प्रत्येक खाच म्हणजे तड्याची सुरुवात. होल सॉने सावकाश पाडा आणि दोन्ही कडा खरवडून गुळगुळीत करा. सहा छोट्या बोल्टांच्या फ्लँजऐवजी एकाच मोठ्या नटाचं टँक फिटिंग वापरा, म्हणजे भोकांची संख्या कमी होते आणि दाब रुंद वायसरवर पसरतो. गॅस्केट हाताने दाबलं जाईल इतकं मऊ असावं, आवळणं हाताने घट्ट आणि वर पाऊण फेरा. सक्शन पाइपचा भार टाकीवर येऊ देऊ नका, त्याला चेसिसवर क्लॅम्प द्या आणि मध्ये लवचिक नळीचा तुकडा ठेवा. फिटिंगची जागा कोपऱ्यापासून आणि खाचेपासून शक्य तितकी लांब. आत बॅफल, म्हणजे पाणी हिंदकळू न देणारा पडदा, असेल तर उत्तम. साच्यातच दोन समोरासमोरच्या भिंती मध्ये एकमेकींना जोडून खांब करता येतो, तो हिंदकळणंही मोडतो आणि टाकीची पोटं फुगणंही थांबवतो.

मालाबद्दल पुरवठादाराला दोन प्रश्न विचारा: ग्रेड ब्यूटीनवर आधारलेली आहे की हेक्झीनवर (पॉलिइथिलीन बनवताना त्यात जोडलेला दुसरा घटक), आणि एमएफआय, म्हणजे वितळलेला माल किती सहज वाहतो त्याचा आकडा, किती. हेक्झीनवाल्या ग्रेड तडे रोखण्यात स्पष्टपणे सरस असतात, महागही असतात. एमएफआय कमी तितका चिवटपणा जास्त, पण फार कमी झाला तर माल कोपऱ्यांत वाहत नाही आणि भाजायला वेळ लागतो. तुमच्या टाकीला ३ ते ४ च्या दरम्यानचा मी घेईन. पावडर ३५ मेशची, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आतली. मुठीत घेऊन सोडल्यावर ती सरसर गळायला हवी. पल्व्हरायझर (पावडर दळणारं यंत्र) गरम चालला असेल तर दाण्यांना केसासारख्या शेपट्या राहतात, पावडर गुठळते आणि बुडबुडे वाढतात. रिग्राइंड केलेला, म्हणजे पुन्हा दळलेला भंगार माल पाण्याच्या काळ्या टाकीतही नसावा, फवारणीच्या टाकीत तर अजिबात नको.

पांढऱ्या टाकीचं एक वेगळं दुखणं आहे. घरावरच्या टाक्यांसाठी आयएस १२७०१ हे मानक आहे. त्यातल्या काळ्या टाक्यांना अडीच टक्क्यांच्या आसपास कार्बन ब्लॅक घालतात आणि तो उन्हाला झकास अडवतो. तुम्हाला बाहेरून पातळी दिसायला हवी, म्हणून कार्बन ब्लॅक चालत नाही. उन्हापासून राखायचं काम यूव्ही स्टॅबिलायझरवर येतं. हे स्टॅबिलायझर बहुतेक अमाइन जातीचे असतात आणि गंधकाने निकामी होतात. पॉलिहाउसच्या कागदाला गंधकाची धुरी लागली की तो लवकर फाटतो, ते याचमुळे. भुरीसाठी गंधक मारलेल्या दिवशी टाकी आतून-बाहेरून धुऊन ब्लोअर सावलीत लावायला गिऱ्हाइकाला सांगा. छापील सूचनेत घाला, तोंडी सांगितलेलं कोणी लक्षात ठेवत नाही.

आता मशीन घालावं का? हे तुमच्या खपावर आहे आणि तो आकडा तुम्ही दिलेला नाही. तापवणं, थंड करणं, उघडणं, साफ करणं धरून ६ मिमीच्या या टाकीला एका साच्यात तासाभराच्या आसपास लागतो. एका पाळीत सात-आठ टाक्या. तुमची मागणी छाटणीच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत एकवटते. उरलेलं वर्ष भट्टी कशावर चालणार, याचं उत्तर आधी हवं. कुंड्या, कचरापेट्या, कोकणातल्या बोटींसाठी इन्सुलेटेड मासळीच्या पेट्या, असं काही हाताशी असेल तर गोष्ट वेगळी. उघड्या ज्योतीवरचं रॉक-अँड-रोल मशीन स्वस्त पडतं आणि गोल टाक्यांना चांगलं आहे; ते एका अक्षावर पूर्ण फिरतं, दुसऱ्यावर नुसतं झुलतं. पण ज्योत पत्र्याला जिथे लागते तिथे चटका बसतो आणि तुमच्या टाकीची बोगद्याची खाच त्यात कायम थंड राहील. तुमच्या आकाराला बंद भट्टीतलं दोन अक्षांचं मशीन लागेल, आणि त्याचा खर्च फक्त ब्लोअरच्या टाक्यांवर फिटणं कठीण.

मी तुमच्या जागी असतो तर मशीनचे पैसे साच्यात घातले असते. स्वतःचा साचा करून घ्यायचा, तुम्हाला हव्या त्या रेडियसचा, एअर मूव्हरची सोय असलेला, फ्लँजच्या जागी मुद्दाम जाड बसेल असा, आणि चालू रोटो युनिटमध्ये जॉबवर्कने टाक्या काढून घ्यायच्या. साचा तुमचा, ग्रेड तुमची, आतल्या हवेचं तापमान तुम्ही ठरवलेलं. असं काम करायला तयार होणारा माणूस शोधावा लागेल, कारण आतलं तापमान मोजू देणं सगळ्यांना आवडत नाही.

आणि आत्ताच्या पुरवठादाराकडून पुढचा लॉट घेताना एक अट घाला. झाकणाचं तोंड कापल्यावर जी चकती निघते, ती तो भंगारात टाकतो. ती प्रत्येक टाकीबरोबर मागा, मार्करने टाकीचा नंबर आणि तारीख लिहून. फुकटात मिळालेला नमुना आहे तो. टाकी न कापता जाडी, बुडबुडे, पिवळेपणा, वास, सगळं त्या चकतीवर तपासता येतं. एक गोष्ट तेवढी लक्षात ठेवा: चकती वरच्या भिंतीची असते, खाचेजवळची नव्हे, खालची जाडी अल्ट्रासॉनिक गेजने बघावी लागेल, आणि गेज आधी कापलेल्या तुकड्यावर व्हर्नियरशी ताडून घ्यावा लागेल. एका लॉटच्या चकत्या ओळीने मांडून फोटो पाठवलेत आणि त्याबरोबर खाचेचं ड्रॉइंग दिलंत, तर साच्यात व्हेंट आणि फिटिंग कुठे घ्यावं ते मी खूण करून देईन.